पैसे कटले, पण ऑर्डर दिसेना : चेकआउटला पेमेंट गेटवे जोडताना शिकलेली गोष्ट



पेट किंवा नेट-सेटची तयारी करताना आपण संशोधन पद्धतीच्या व्याख्या पाठ करतो. वैधता म्हणजे काय, विश्वसनीयता म्हणजे काय, गहाळ माहिती कशी हाताळायची, वगैरे. परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडता येतो. पण त्या व्याख्येचा अर्थ खरा कळतो तो आपल्याच हातून काहीतरी बिघडतं तेव्हा. आजचा लेख अशाच एका बिघाडावर आहे. विषय दिसायला संशोधनाचा नाही : ऑनलाइन दुकानाच्या चेकआउटला पेमेंट गेटवे कसा जोडायचा? पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाला हा लेख उपयोगी पडेल, असं मला वाटतं.

घडलं काय?

औरंगपुरा म्हटलं की आपल्या शहरातल्या विद्यार्थ्याला पुस्तकांची दुकानं आठवतात. एम.एस्सी.ला असल्यापासून मी तिथल्या एका दुकानातून जुनी पुस्तकं घेते. दुकानाचे काका एक दिवस म्हणाले, "बेटा, तू कॉम्प्युटरवालीच आहेस ना? बाहेरगावची पोरं फोन करून पुस्तकं मागायलेत. एखादी वेबसाइट करून दे ना." मी करून दिली. पुस्तकांची यादी, कार्ट, चेकआउट आणि शेवटी पेमेंट गेटवे. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं.

मग एका सकाळी काकांचा फोन आला. "अगं, सिल्लोडकडचा एक पोरगा पैसे कटले म्हणायलाय, आपल्याकडं तर ऑर्डरच दिसंना."

मुलगा पेटची तयारी करत होता. सांख्यिकीचं एक जुनं पुस्तक ५९० रुपयांचं, टपालखर्च ५०, असे ६४० रुपये त्याने यूपीआयने भरले. आमच्या साइटने त्याला दाखवलं, "पेमेंट अयशस्वी. कृपया पुन्हा प्रयत्न करा." त्याने आज्ञाधारकपणे पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्यांदाही ६४० कटले. म्हणजे १,२८० रुपये गेले आणि पुस्तक मिळालं नाही. खोली करून राहणाऱ्या मुलासाठी ही रक्कम किती असते हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात काकांचं चाळीस वर्षांचं नाव पणाला लागलेलं.

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती? "गेटवेचा प्रॉब्लेम असेल." दोन तास लॉग तपासल्यावर कळलं की गेटवे आणि बँक दोघांचीही चूक नव्हती. चूक माझ्या कोडमध्ये होती, आणि त्याहीपेक्षा माझ्या विचारात होती. ती कोणती, हे समजण्यासाठी आधी पैशाचा प्रवास पाहू.

आधी एक गोंधळ दूर करू : गेटवे आणि अ‍ॅग्रिगेटर

बोलताना आपण सगळ्यालाच "गेटवे" म्हणतो. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मात्र दोन वेगळ्या व्याख्या दिल्या होत्या. पेमेंट अ‍ॅग्रिगेटर ग्राहकाकडून पैसे गोळा करतो, ते एस्क्रो खात्यात ठेवतो आणि मग दुकानदाराला देतो. पेमेंट गेटवे फक्त तांत्रिक वाट पुरवतो, पैशाला हात लावत नाही. छोट्या दुकानदाराशी करार करणारी कंपनी बहुतेक वेळा अ‍ॅग्रिगेटर असते. या लेखात मी रूढ शब्द म्हणून "गेटवे"च वापरते, पण तुमच्या शोधनिबंधात हा फरक नक्की पाळा. संज्ञा सैल ठेवली की परीक्षक तिथेच पकडतात.

मग दुकानाने थेट बँकेशीच का बोलू नये? कारण बँका अनेक, प्रत्येकीची पद्धत वेगळी. शिवाय कार्डाचा नंबर आपल्या सर्व्हरवर आला की त्याच्या सुरक्षेची मोठी जबाबदारी अंगावर येते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवायचाच नाही, त्याऐवजी टोकन वापरायचं, असा नियम आहे. म्हणून ग्राहक कार्ड नंबर, पिन, ओटीपी जे काही टाकतो ते गेटवेच्या, बँकेच्या किंवा यूपीआय अ‍ॅपच्या खिडकीत टाकतो. आपल्या दुकानाला ते दिसत नाही आणि दिसूही नये.

इथेच खरी अडचण सुरू होते. पैसे भरले गेले ही घटना आपल्या डोळ्यांआड घडते. आपल्याला मिळतो तो फक्त तिचा निरोप.

एका ऑर्डरचा प्रवास

भारतातल्या बहुतेक गेटवेंची रचना थोड्याफार फरकाने अशीच असते :

१. ग्राहक "ऑर्डर करा" दाबतो. आपला सर्व्हर स्वतःच्या डेटाबेसमधून किंमत काढतो आणि ऑर्डरची एक नोंद तयार करतो.

२. आपला सर्व्हर गेटवेच्या सर्व्हरला सांगतो, "या रकमेची ऑर्डर उघड." सोबत गुप्त किल्ली असते. ही किल्ली फक्त सर्व्हरवर राहते, ब्राउझरमध्ये कधीच जात नाही.

३. गेटवे एक ऑर्डर क्रमांक परत देतो. तो आपण आपल्या नोंदीत लिहून ठेवतो.

४. ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये गेटवेची खिडकी उघडते. तो यूपीआय, कार्ड किंवा नेटबँकिंगने पैसे भरतो.

५. पैसे भरून झाल्यावर ग्राहकाचा ब्राउझर आपल्या साइटवर परत येतो. येताना ऑर्डर क्रमांक, पेमेंट क्रमांक आणि एक डिजिटल सही आणतो.

६. गेटवेचा सर्व्हर स्वतंत्रपणे, ब्राउझरला वळसा घालून, थेट आपल्या सर्व्हरला कळवतो. याला वेबहुक म्हणतात.

७. आपण खात्री करतो, ऑर्डर "पैसे मिळाले" अशी करतो आणि काका पुस्तक बांधायला घेतात.

दुसऱ्या पायरीवरची एक बारीक गोष्ट. रक्कम बहुधा रुपयात नाही, पैशांत पाठवतात. ६४० रुपये म्हणजे ६४०००. असं का? संगणकात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज दशांश अपूर्णांकांत केली तर अनेक भाषांमध्ये उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण या संख्या द्विमान पद्धतीत नेमक्या मांडता येत नाहीत. हिशोबात ही गंमत परवडत नाही, म्हणून पूर्णांक वापरायचे. मी पहिल्या चाचणीत ६४० च पाठवले आणि खिडकीत ६ रुपये ४० पैसे दिसले! एकक लिहिल्याशिवाय संख्येला अर्थ नसतो, हे भौतिकशास्त्राच्या सरांनी अकरावीतच सांगितलं होतं.

आता माझी चूक कुठे झाली ते पाहा. मी पाचवी पायरी केली होती, सहावी केलीच नव्हती. म्हणजे "पैसे मिळाले" हे मी फक्त ग्राहकाच्या ब्राउझरच्या तोंडून ऐकत होते. सिल्लोडच्या मुलाने मोबाइलवर पुस्तक निवडलं, यूपीआय अ‍ॅप उघडलं, पिन टाकला, पैसे गेले. पण फोनची मेमरी कमी, म्हणून तेवढ्या वेळात मागचा ब्राउझर बंद पडला. पाचवी पायरी घडलीच नाही. माझ्या कोडने पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि नोंद केली : "अयशस्वी". तो साइटवर परत आला तेव्हा त्याला तेच दिसलं. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच घडलं.

डिजिटल सही काय सिद्ध करते आणि काय करत नाही?

तुम्ही विचाराल, ब्राउझर काहीही सांगू शकतो, मग त्यावर विश्वास ठेवायचा कसा? त्यासाठी सही असते. त्यामागची पद्धत एचमॅक. मिहिर बेलारे, रान कानेट्टी आणि ह्यूगो क्रॉचिक यांनी ती १९९६ मध्ये मांडली आणि १९९७ मध्ये ती आरएफसी २१०४ म्हणून प्रसिद्ध झाली.

कल्पना साधी आहे. गेटवे आणि आपण, दोघांकडे एकच गुप्त किल्ली. गेटवे संदेश आणि किल्ली एकत्र घुसळून २५६ बिटांचा एक ठसा काढतो आणि संदेशासोबत पाठवतो. आपण तोच संदेश आणि आपल्याकडची किल्ली घेऊन ठसा पुन्हा काढतो. दोन्ही जुळले तर संदेश किल्ली असलेल्यानेच पाठवला आणि वाटेत बदलला नाही. एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. उदाहरणार्थ, रेझरपेच्या पद्धतीत ऑर्डर क्रमांक, मग एक उभी रेघ, मग पेमेंट क्रमांक अशी ओळ तयार करून तिच्यावर एसएचए-२५६ वापरून हा ठसा काढतात.

आता नीट लक्ष द्या. या ओळीत काय आहे? ऑर्डर क्रमांक आणि पेमेंट क्रमांक. काय नाही? रक्कम नाही, पुस्तकाचं नाव नाही. म्हणजे सही एवढंच सांगते की "या ऑर्डरसाठी हे पेमेंट झालं". ती ऑर्डर किती रुपयांची होती हे आपल्या सर्व्हरनेच दुसऱ्या पायरीवर ठरवलेलं असतं. तिथे जर आपण किंमत ब्राउझरकडून घेतली असेल, तर एखादा हुशार ग्राहक ५९० च्या जागी ५ लिहील, ५ रुपये भरेल, आणि सही अगदी बरोबर जुळेल!

दुसरा प्रकार. ग्राहकाने आधी ५० रुपयांची एक ऑर्डर खरोखर पैसे भरून केली. त्याच ऑर्डरचे क्रमांक आणि खरी सही त्याने २,००० रुपयांच्या ऑर्डरच्या वेळी पुढे केली. आपण सही तपासताना ऑर्डर क्रमांक ब्राउझरने दिलेलाच वापरला तर सही जुळते. म्हणून ऑर्डर क्रमांक नेहमी आपल्या डेटाबेसमधून घ्यायचा.

हे मी मनानं रचून सांगत नाही. २०११ च्या आयईईई सिक्युरिटी अँड प्रायव्हसी परिषदेत रुई वांग, शुओ चेन, शिआओफेंग वांग आणि शाझ कदीर यांचा एक शोधनिबंध आला. शीर्षकच भारी आहे : "हाऊ टू शॉप फॉर फ्री ऑनलाइन". त्यांनी नॉपकॉमर्स, इंटरस्पायर यांसारखी दुकानांची सॉफ्टवेअर, काही चालू ऑनलाइन दुकानं आणि अ‍ॅमेझॉन पेमेंट्सचं विकासकांसाठीचं साधन तपासलं. ग्राहकाला हव्या त्या कमी किमतीत खरेदी करता येते, एका वस्तूचे पैसे भरून पुढच्या फुकट घेता येतात, अशा चुका त्यांना सापडल्या. या चुका गुप्तलेखनातल्या नव्हत्या, तर्कातल्या होत्या. ग्राहक, दुकान आणि पैसे घेणारी कंपनी असे तिघे एकमेकांशी बोलत असताना प्रत्येकाला वाटत होतं की ती गोष्ट दुसऱ्याने तपासली असेल.

संशोधनासाठी यातून घ्यायचं ते हे : तपासणी जेवढं झाकते तेवढंच सिद्ध करते. प्रश्नावलीचा क्रोनबाख अल्फा ०.९ आला म्हणजे प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत एवढंच कळतं. ते तुम्हाला हवं तेच मोजतात की नाही, हे त्यात येत नाही. अल्फा म्हणजे आपली सही. रक्कम वेगळी तपासावी लागते.

निरोप हरवतोच, मग काय करायचं?

वेबहुक जोडला की प्रश्न सुटला का? बराचसा. पण वेबहुकसुद्धा निरोपच आहे. आपला सर्व्हर त्या क्षणी बंद असेल, वीज गेली असेल, तर?

इथे संगणकशास्त्रातला एक जुना प्रश्न आठवतो. आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर कल्पना करा. किल्ल्याच्या दोन बाजूंना एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत. दोघींनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकतील. पहिला सेनापती जासूद पाठवतो, "उद्या पहाटे." जासूद वाटेत पकडला जाऊ शकतो, म्हणून पोहोच हवी. दुसरा सेनापती पोहोच पाठवतो. पण ती पोहोचली का? मग पोहोचीची पोहोच हवी. असं कितीही वेळा केलं तरी दोघांना पूर्ण खात्री कधीच मिळत नाही. अक्कोयुन्लू, एकनाधम आणि ह्यूबर यांनी १९७५ मध्ये हा प्रश्न मांडला. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचं रूप दिलं आणि तेच नाव रूढ झालं.

दुकान आणि गेटवे हे असेच दोन सेनापती आहेत. मधली वाट कधीही तुटू शकते. म्हणून गेटवे काय करतात? पोहोच मिळाली नाही तर तोच निरोप पुन्हा पाठवतात. याचा दुसरा अर्थ असा की एकच निरोप दोनदा, तीनदा येऊ शकतो. आपल्याला तो पहिल्यांदाच मिळालेला असतो, फक्त आपली पोहोच हरवलेली असते. प्रत्येक निरोपाला एक पुस्तक बांधलं तर काका एका महिन्यात दुकान बंद करतील.

त्यासाठी नियम : तोच निरोप कितीही वेळा आला तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे. डेटाबेसमध्ये पेमेंट क्रमांकाच्या रकान्याला "पुन्हा येऊ नये" असं बंधन घालायचं. आणि ऑर्डरची अवस्था बदलताना "ती अजून प्रलंबित असेल तरच बदल" असं एकाच आज्ञेत सांगायचं. किती ओळी बदलल्या ते पाहायचं. एक बदलली तर पुस्तक बांधा. शून्य बदलल्या तर लगेच निष्कर्ष काढू नका, आधी ती नोंद उघडून पाहा. त्याच पेमेंटने ऑर्डर आधीच पूर्ण झालेली असेल तर नुसती पोहोच द्या आणि गप्प बसा. पण ऑर्डर रद्द झालेली असेल आणि हे पैसे नवीन असतील, तर ते परत करण्याच्या यादीत घालायला हवेत.

जुन्या पुस्तकांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण प्रत बहुधा एकच असते. ग्राहक पैसे भरत असताना ती प्रत त्याच्यासाठी राखून ठेवायची. मुदत संपल्यावर ती दुसऱ्याला विकली गेली आणि मग पहिल्याचे पैसे उशिरा आल्याचं कळलं, तर आपणहून परतावा करायचा. ग्राहकाने फोन करण्याची वाट पाहायची नाही.

"माहीत नाही" ही वेगळी अवस्था आहे

आता माझ्या विचारातली चूक. माझ्या पहिल्या कोडमध्ये ऑर्डरच्या दोनच अंतिम अवस्था होत्या : यशस्वी आणि अयशस्वी. निरोप आला तर यशस्वी, नाही आला तर अयशस्वी. ऐकायला किती सरळ वाटतं ना? पण निरोप न येणं आणि पैसे न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी "मला माहीत नाही"ला "नाही" असं लिहिलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याने ६४० रुपयांत मोजली.

मराठवाड्यातल्या माणसाला हे पावसाच्या उदाहरणाने लगेच पटेल. एखाद्या मंडळातलं पर्जन्यमापक चार दिवस बंद पडलं. त्या चार दिवसांच्या रकान्यात काय लिहायचं? शून्य लिहिलं तर कागदावर पावसाचा खंड तयार होतो. कोरं ठेवलं तर निदान कळतं की इथे माहिती नाही. शून्य मिलिमीटर ही नोंद आहे. कोरा रकाना म्हणजे नोंदीचा अभाव. एक्सेलमध्ये सरासरी काढताना दोन्हींचं उत्तर वेगळं येतं, आणि त्यावर कुणाचा तरी पीकविमा अवलंबून असू शकतो.

म्हणून मी अवस्था नव्याने लिहिल्या :

• तयार : ऑर्डर नोंदली, ग्राहक अजून खिडकीपर्यंत गेलेला नाही.

• प्रलंबित : खिडकी उघडली, उत्तर माहीत नाही.

• मंजूर : बँकेने होकार दिला, पण रक्कम अजून कॅप्चर झालेली नाही. ठरलेल्या मुदतीत कॅप्चर केली नाही तर ती ग्राहकाला परत जाते.

• पैसे मिळाले : सही, रक्कम, चलन आणि ऑर्डर क्रमांक चारही जुळले.

• नाकारले : गेटवेने स्पष्ट "नाही" सांगितलं.

• रद्द : मुदत संपली. त्याआधी गेटवेला विचारून खात्री केली.

• परतावा : पैसे परत पाठवले.

"नाकारले" ही अवस्था फक्त गेटवेच्या स्पष्ट नकारानेच येते, आपल्या अंदाजाने कधीच नाही, हे पाहा. आणि "प्रलंबित" असलेल्या ऑर्डरसाठी आपला सर्व्हर दर काही मिनिटांनी स्वतः गेटवेला विचारतो, "या क्रमांकाचं काय झालं?" निरोपाची वाट पाहत बसण्यापेक्षा मूळ ठिकाणी जाऊन विचारलेलं बरं.

ग्राहकाला दिसणारं वाक्यही बदललं. "पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा" काढून टाकलं. आता तिथे येतं : "तुमच्या पेमेंटची खात्री होत आहे. पैसे कटले असतील तर कृपया पुन्हा भरू नका. हा तुमचा ऑर्डर क्रमांक." सगळ्या दुरुस्त्यांत ही सर्वांत सोपी होती, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाची.

इथे ग्राहक म्हणून तुम्हाला माहीत असावा असा एक नियम सांगते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, ऑनलाइन खरेदीत खात्यातून पैसे कटले पण दुकानदाराकडे खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पण आमच्या प्रकरणात याचा उपयोग नव्हता. गेटवेपर्यंत पैसे व्यवस्थित पोहोचले होते, त्याच्या लेखी व्यवहार यशस्वी होता. आपोआप काहीच परत येणार नव्हतं. परत करायचं काम आमचंच होतं.

दोन वह्या जुळवणे

मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला होता. स्क्रीनशॉट बनावटही असू शकतो, म्हणून तो पुरावा नाही. पण त्यावर बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक होता. तो गेटवेच्या नोंदींत शोधला आणि दोन्ही पेमेंट सापडली. चित्र पाहून विश्वास ठेवायचा नाही, चित्रातला दुवा घेऊन मूळ नोंदीपर्यंत जायचं. संदर्भसूची तपासतानाही हेच करा.

मग काकांनी मला त्यांची पद्धत दाखवली. ते रोज रात्री गल्ल्यातली रोकड आणि बिलबुक जुळवतात, त्याशिवाय शटर खाली ओढत नाहीत. "तुझ्या वेबसाइटचा गल्ला कोण जुळवतं?" त्यांनी विचारलं. कुणीच नाही, हे उत्तर होतं.

आता रोज रात्री एक छोटा प्रोग्राम गेटवेची यादी आणि आमची ऑर्डर-यादी समोरासमोर ठेवतो. इथे एक खाच आहे. बँकेत जमा होणारी रक्कम ऑर्डरच्या रकमेइतकी नसते. समजा कार्डाच्या व्यवहारावर शुल्क २ टक्के धरलं, तर ६४० वर १२.८०, म्हणजे हातात ६२७.२० येतात. शिवाय दिवसाच्या अनेक व्यवहारांची रक्कम एकत्र जमा होते. म्हणून रकमेवरून जुळवायला जाऊ नका, पेमेंट क्रमांकावरून जुळवा. पहिल्याच रात्री त्या मुलाच्या दोन पेमेंटशिवाय आणखी एक बेवारस पेमेंट सापडलं. त्या ग्राहकाने तक्रारसुद्धा केली नव्हती. तक्रार आली नाही म्हणजे चूक नाही, असं समजणं हीसुद्धा तीच चूक. पुन्हा कोऱ्या रकान्याला शून्य!

स्वतः करून पाहा

गेटवे चाचणीसाठी वेगळ्या किल्ल्या देतात. त्यात खरे पैसे हलत नाहीत. एक साधं दुकान तयार करा आणि हे पाच प्रयोग करा. प्रत्येकाआधी "काय व्हायला हवं" ते वहीत लिहा, मगच प्रयोग करा.

१. पैसे भरल्याबरोबर ब्राउझर बंद करा. ऑर्डर तरीही पूर्ण व्हायला हवी.

२. तोच वेबहुक दोनदा पाठवा. ऑर्डर एकदाच पूर्ण व्हायला हवी.

३. वेबहुक आधी आणि ब्राउझर नंतर येऊ द्या, मग उलट करा. शेवट सारखाच हवा.

४. ब्राउझरमधली किंमत बदला. सर्व्हरने ती जुमानताच कामा नये.

५. सर्व्हर दहा मिनिटं बंद ठेवा, पुन्हा चालू करा. प्रलंबित ऑर्डर स्वतःहून मार्गी लागायला हव्यात.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते : हे प्रयोग स्वतःच्या दुकानावर, चाचणीच्या किल्ल्यांवरच करायचे. दुसऱ्याच्या चालू दुकानावर किंमत बदलून बघणं हे संशोधन नाही. २०११ च्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांनी सापडलेल्या चुका संबंधितांना कळवल्या होत्या. तो शिष्टाचार आपणही पाळायचा.

यात संशोधनाचा विषय शोधायचा असेल तर भरपूर आहे. वूकॉमर्ससारख्या दुकान-सॉफ्टवेअरचा कोड सर्वांसाठी खुला आहे. वेगवेगळ्या गेटवेंचे त्याला जोडणारे प्लगइन "माहीत नाही" ही अवस्था कशी हाताळतात? प्रलंबित ऑर्डरचं वाक्य मराठीत कसं लिहिलं तर ग्राहक दुसऱ्यांदा पैसे भरत नाही? पहिला प्रश्न संगणकशास्त्राचा आहे, दुसरा मानसशास्त्र आणि भाषेचा. दोन्ही मोजता येण्याजोगे आहेत.

त्या मुलाचं काय झालं? एक पेमेंट पुस्तकासाठी धरलं, दुसऱ्याचा परतावा त्याच दिवशी सुरू केला. काकांनी पुस्तकाच्या पार्सलमध्ये स्वतःहून एक नवी वही टाकली. मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली आहे, तुम्हीही लिहून ठेवा : उत्तर आलं नाही, याचा अर्थ उत्तर "नाही" आहे असा होत नाही.

आपल्या विदा-संचातला एखादा कोरा रकाना आज उघडून बघा. तिथे कुणी शून्य तर लिहिलेलं नाही ना?